वाटेवरच्या झाडांचा अभ्यासक : ई. जे. एच. कॉर्नर



ज्या प्राध्यापकांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होतं आहे, त्यांचा एक आग्रह त्यांच्या सगळ्याच विद्यार्थ्यांना आठवत असेल. झाडाचं नाव सांगायची घाई करायची नाही. आधी झाडाखाली उभं राहायचं, बुंधा बघायचा, फांद्या कुठून कशा फुटल्या आहेत ते बघायचं, खाली काय पडलंय ते उचलायचं, आणि मग नाव. हाच आग्रह ज्या माणसाने आयुष्यभर टोकाला जाऊन पाळला, त्याच्याबद्दल आज बोलावं असं मी ठरवलं आहे. एडरेड जॉन हेन्री कॉर्नर. जन्म लंडनचा, शिक्षण केंब्रिजचं, आणि खरं घडणं मलायाच्या जंगलातलं. त्याचं कार्यक्षेत्र महाराष्ट्र नव्हतं. पण वड, पिंपळ, उंबर, तामण, देशी बदाम ही त्याच्या अभ्यासातली झाडं आपल्या दाराशी उभी आहेत, आणि त्यांच्याकडे कसं बघावं हे मला तरी कॉर्नरने जितकं शिकवलं तितकं दुसऱ्या कुठल्याही ग्रंथकाराने शिकवलेलं नाही.

कॉर्नरचा जन्म 1906 चा. वडील नामांकित शल्यविशारद. केंब्रिजमध्ये तो वनस्पतिशास्त्र शिकला ते मुख्यतः बुरश्यांवर काम करायचं म्हणून. 1929 साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, सिंगापूरच्या वनस्पती उद्यानात सहायक संचालक म्हणून तो रुजू झाला. हे उद्यान 1859 पासूनचं. 2015 साली त्याला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळालं. कॉर्नर ज्या बंगल्यात राहायचा तो अजून तिथे आहे आणि त्याच्याच नावाने ओळखला जातो. संचालक होते एरिक होल्टम, नेच्यांचे आणि ऑर्किडचे मोठे जाणकार. बुरश्यांवरचं काम कॉर्नरने कधीच सोडलं नाही, त्यातही त्याचं स्थान पहिल्या रांगेतलं आहे. पण विषुववृत्तावरच्या जंगलात पाऊल टाकल्यावर तो झाडांचा झाला.

तिथली अडचण काय होती ते नीट समजून घेतलं पाहिजे. आपल्या सह्याद्रीतल्या सदाहरित रानांतही झाडं उंच असतात, पण मलायातल्या सखल रानात पहिली फांदीच वीस-पंचवीस मीटरांवर सुटते. पानं, फुलं, फळं सगळं त्याच्या वर. खाली उभ्या असलेल्या अभ्यासकाला दिसतो तो फक्त खांबासारखा बुंधा. आणि वनस्पतिशास्त्रात झाडाची ओळख ठरते फुलाफळावरून. मग करायचं काय? झाड तोडायचं. शतकभर हेच चाललं होतं : नमुन्याची एक डहाळी हवी म्हणून शंभर-दोनशे वर्षांचं झाड आडवं करायचं. त्यासाठी मजूर, वेळ, पैसा लागायचा, म्हणून झाडं पाहिली जायची मोजकीच. आणि जी पाहिली जायची ती पडल्यावर.

कॉर्नरने यावर शोधलेला उपाय ऐकायला गमतीचा वाटतो, पण तो अत्यंत गंभीरपणे केलेला होता. मलायाच्या पूर्व किनाऱ्यावर केलांतानमध्ये नारळ काढायला माकडं शिकवतात. आखूड, वळलेल्या शेपटीची, धिप्पाड अंगाची ही माकडं. मलय लोक त्यांना बेरोक म्हणतात. कंबरेला लांब दोरी बांधून ती माडावर सोडायची आणि खालून मलय भाषेत हुकूम द्यायचे. 1937 साली कॉर्नरने असं एक माकड घेतलं आणि त्याला नारळाऐवजी फुलांच्या, फळांच्या डहाळ्या तोडून खाली टाकायला लावलं. पुढे आणखी माकडं आली. झाडावरून झाडावर जात ती नमुने काढायची, फांद्यांवर वाढणारी बांडगुळं आणि ऑर्किडंही आणायची. ज्या झाडांची फुलं कुणी हातात धरली नव्हती ती जमिनीवर यायला लागली, आणि झाड जिवंत राहिलं. या माकडांवर त्याने पुढे, आयुष्याच्या अखेरीस, 1992 साली एक छोटं पुस्तकही लिहिलं. मला यात विशेष वाटतं ते असं, की प्रयोगशाळेच्या माणसाने नारळ उतरवणाऱ्या गावकऱ्यांकडून पद्धत घेतली आणि ती त्यांची आहे हे कधी लपवलं नाही.

या दहा-अकरा वर्षांच्या भटकंतीतून 1940 साली त्याचा ग्रंथ आला : ‘वेसाइड ट्रीज ऑफ मलाया’. दोन खंड, दुसऱ्यात छायाचित्रं. रस्त्याच्या कडेला, गावात, बागेत, किनाऱ्यावर दिसणारी झाडं हा त्याचा विषय. तोवर उष्ण कटिबंधातल्या झाडांचे ग्रंथ होते ते तज्ज्ञांसाठी तज्ज्ञांनी लिहिलेले, वाळवून कागदावर चिकटवलेल्या नमुन्यांवरून रचलेले. कॉर्नरने लिहिलं ते शाळामास्तर, मळेवाला, रस्त्याने जाणारा जिज्ञासू माणूस डोळ्यांसमोर ठेवून. पण त्यासाठी विषय पातळ केला नाही. झाडाचा आकार, सालीचा पोत, कोवळ्या पानांचा रंग, पानगळ कधी होते, फुलायच्या आधी हवेत काय बदल होतो, मलय लोक त्याला काय म्हणतात आणि त्याचं काय करतात, हे सगळं त्यात आहे.

त्यातलं पानगळीचं प्रकरण मला सर्वांत मोलाचं वाटतं. आपल्याकडे ऋतू इतके ठळक आहेत की पानगळ म्हटलं की शिशिर, पालवी म्हटली की वसंत, हे आपण गृहीत धरतो. सिंगापुरात वर्षभर पाऊस, वर्षभर ऊब. तिथे झाडाने पानं टाकावीत तरी का आणि कधी? आणि तरीही ती टाकतात. देशी बदाम तिथे वर्षातून साधारण दोनदा पानं लाल करून गाळतो. काही झाडं आठ-नऊ महिन्यांनी, काही त्याहून उशिरा. शेजारशेजारची एकाच जातीची दोन झाडं वेगवेगळ्या वेळी. काही झाडांत एक फांदी निष्पर्ण आणि दुसरी हिरवीगार. म्हणजे झाडाच्या अंगात स्वतःचा एक काळ असतो आणि ऋतू त्या काळाला फक्त वळण लावतो. हे समजायला एकच एक झाड वर्षानुवर्षं बघावं लागतं. होल्टम आणि कॉर्नर यांनी उद्यानातल्या झाडांच्या अशा नोंदी ठेवल्या. वाळलेल्या नमुन्यावरून हे कळणं शक्यच नव्हतं.

देशी बदामाचा विषय निघालाच आहे तर त्याच्या फांद्यांबद्दलही सांगतो. हे झाड आपल्या प्रत्येक शहरात आहे. त्याच्या फांद्या मजल्यामजल्याने आडव्या पसरतात. प्रत्येक आडवी फांदी थोडी वाढते, टोकाशी वर वळते, तिथे पानांचा झुबका येतो, आणि त्या वळणाच्या खालून नवी आडवी फांदी पुढे निघते. लाल सावरीचं कोवळं झाड बघा, तिथेही मजले आहेत, पण ते वेगळ्या रीतीने झालेले. झाडाचा आकार हा योगायोग नाही, प्रत्येक जातीला बांधणीची ठरलेली रीत आहे, ही गोष्ट कॉर्नरने पुनःपुन्हा दाखवली. पुढे 1970 साली फ्रान्सिस हाले आणि रूलोफ ओल्डमन यांनी उष्ण कटिबंधातल्या झाडांच्या बांधणीचे नमुने पद्धतशीर मांडले आणि त्यांतल्या एकाला कॉर्नरचं नाव दिलं. एकच खोड, फांद्या नाहीत, फुलं बगलेत : पपई आणि नारळ ही या ‘कॉर्नर नमुन्या’ची झाडं. परसात पपई असेल तर हे नाव तिच्याशी जोडून ठेवा.

हाच धागा 1949 च्या त्याच्या गाजलेल्या निबंधात आहे. ‘अॅनल्स ऑफ बॉटनी’ या नियतकालिकात तो आला आणि ‘डुरियन सिद्धान्त’ म्हणून ओळखला गेला. डुरियन हे मलायातलं फणसासारखं काटेरी, उग्र वासाचं फळ. फळ उकललं की आत मोठ्या बिया, आणि प्रत्येक बीभोवती मऊ, गोड गराचं वेष्टन. हे वेष्टन बीच्या देठापासून वाढतं. आपल्या ओळखीची उदाहरणं आहेत : जायफळावरची जायपत्री, लिचीचा गर, विलायती चिंचेच्या काळ्या बीभोवतीचा पांढरा-गुलाबी भाग. फणसाचा गरा मात्र यांतला नाही, तो फुलाच्या पाकळीसदृश भागापासून होतो. कॉर्नरने पाहिलं की परस्परांपासून दूर असलेल्या कितीतरी कुळांमध्ये असं गर-वेष्टित बी आढळतं. त्याने निष्कर्ष काढला की सपुष्प वनस्पतींचं आद्य फळ असंच असणार. एवढं मोठं फळ धरायला जाड फांदी हवी, जाड फांदीला मोठी पानं हवीत. तेव्हा आद्य झाड बुटकं, जाडजूड खोडाचं, फारशा फांद्या नसलेलं असणार. आज दिसणारी उंच, बारीक डहाळ्यांची, लहान पानांची झाडं ही नंतरची. आणि झाडं उंच होत गेली, फांद्यांचं छत तयार झालं, तेव्हाच त्यावर राहणारी माकडं, खारी, धनेश हे सगळं जीवन शक्य झालं.

आद्य फुलझाड डुरियनसारखं होतं, हा भाग आज बहुतेक अभ्यासक मानत नाहीत. क्रिटेशस काळातल्या खडकांत सापडलेली सर्वांत जुनी फुलं आणि बिया लहान आहेत. म्हणजे मूळ दावा टिकला नाही. पण तरीही हा निबंध मी मोठा मानतो, कारण त्याने झाडाचं पान, फांदी, फळ आणि ते फळ खाणारा प्राणी यांचा एकत्र विचार करायला भाग पाडलं. त्यातले फांदीचे दोन नियम आजही ‘कॉर्नरचे नियम’ म्हणून शिकवले जातात. फांदी जितकी जाड, तितकी तिची पानं आणि फुलोरे मोठे. आणि फांद्या जितक्या अधिक फुटत जातील, तितक्या डहाळ्या बारीक आणि पानं लहान. हे ताडून पाहायला साधनं लागत नाहीत. सागाची कोवळी डहाळी बोटांत धरा, मग आवळ्याची धरा. दोन्हींची पानं तुमच्यासमोरच आहेत.

आता या आयुष्यातल्या सर्वांत अवघड पर्वाकडे येतो. 15 फेब्रुवारी 1942 रोजी सिंगापूर जपानच्या हाती पडलं. ब्रिटिश सैनिक आणि नागरिक छावण्यांत डांबले गेले. लूटमार सुरू झाली. रॅफल्स संग्रहालय, त्याचं ग्रंथालय आणि वनस्पती उद्यानातला हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या नमुन्यांचा संग्रह, हे अनेक दशकांचं संचित होतं. ते वाचवावं अशी जपान्यांना विनंती करणारी गव्हर्नरांची चिठ्ठी घेऊन कॉर्नर नव्या अधिकाऱ्यांकडे गेला. हिदेझो तानाकादाते या जपानी भूशास्त्रज्ञाने ती जबाबदारी घेतली. पुढे तोकुगावा घराण्यातले मार्क्विस योशिचिका तोकुगावा आले, ज्यांनी जपानमध्ये स्वतः जीवशास्त्राची संशोधनसंस्था काढली होती. आणि उद्यानाचं काम क्योतोचे वनस्पतिशास्त्रज्ञ क्वान कोरिबा यांच्याकडे गेलं. होल्टम आणि कॉर्नर यांना छावणीबाहेर ठेवून काम करू देण्यात आलं. ओस पडलेल्या घरांतली पुस्तकं गोळा झाली, संग्रह शाबूत राहिले.

छावणीत उपाशी राहिलेल्यांना हे कसं वाटलं असेल? आपले लोक आत मरताहेत आणि हा शत्रूबरोबर पानं मोजतो आहे. कॉर्नरवर शत्रूशी हातमिळवणीचा आरोप झाला आणि तो डाग युद्धानंतरही त्याच्यामागे राहिला. त्या लोकांचा संताप मला कळतो. तरीही माझं मत स्पष्ट आहे : कॉर्नरने केलं ते योग्य केलं. ते संग्रह इंग्रजांचेही नव्हते आणि जपान्यांचेही नव्हते. आज सिंगापूर आणि मलेशियातले अभ्यासक त्यांवर काम करतात, ते जळाले असते तर कुठल्याच विजयाने परत आले नसते. आणि कॉर्नरने कृतज्ञता लपवली नाही. 1981 साली ‘द मार्क्विस’ हे पुस्तक लिहून त्याने त्या जपानी विद्वानांचं श्रेय जाहीरपणे नोंदवलं. कोरिबांनी सिंगापुरात केलेल्या झाडांच्या निरीक्षणांवरचा दीर्घ निबंध, झाडांच्या वाढीतले आणि पानगळीतले काळ हाच त्याचा विषय, 1958 साली सिंगापूर उद्यानाच्याच नियतकालिकात छापला गेला. ज्यांचं राज्य तिथून हाकललं गेलं होतं, त्यांच्या शास्त्रज्ञाचं काम त्याच उद्यानाने छापलं, याचा मला मनापासून आदर वाटतो. 1985 साली जपानने सम्राटांच्या कारकीर्दीला साठ वर्षं झाली म्हणून जीवशास्त्राचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार सुरू केला. त्याचा पहिला मानकरी होता कॉर्नर.

युद्धानंतरची पदं आणि पदकं मी भरभर सांगतो. युनेस्कोतर्फे दक्षिण अमेरिकेत काम, 1949 पासून केंब्रिज, 1955 साली रॉयल सोसायटीचं सदस्यत्व, 1960 साली डार्विन पदक, 1966 ते 1973 उष्णकटिबंधीय वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक. 1961 आणि 1964 साली त्याच्या नेतृत्वाखाली रॉयल सोसायटीच्या मोहिमा बोर्निओतल्या किनाबालू पर्वतावर गेल्या, आणि 1964 साली तिथे राष्ट्रीय उद्यान झालं. त्यात त्या मोहिमांचा मोठा वाटा आहे.

पण या काळात त्याचं खरं काम होतं वड-उंबरांच्या वंशाचं, म्हणजे फायकसचं. जगभरात साडेसातशेच्या वर जाती. उंबर फोडून पाहिलेल्या प्रत्येकाला माहीत आहे की आत शेकडो बारीक फुलं असतात आणि चिलटांएवढे कीटक असतात. ते चिमुकले गांधीलवर्गी कीटक तोंडाच्या भोकातून आत शिरतात, परागण करतात, काही फुलांत अंडी घालतात; आणि साधारणपणे प्रत्येक जातीच्या झाडाला त्याचा वेगळा कीटक असतो. या बंद घरातली फुलं कॉर्नरने जातीजातीगणिक उघडून पाहिली : पुंकेसर किती, बी कसं, पानाच्या पेशींत काय. 1965 साली त्याने आशिया आणि ऑस्ट्रेलिया भागातल्या जातींची यादी छापली आणि वंशाची विभागणी केली. त्यात वड आणि पिंपळ एका उपवंशात आले, आणि बुंध्यालाच फळांचे घोस धरणारा आपला उंबर दुसऱ्या. आपण तिघांना एका दमात पूजतो; झाडाच्या आत मात्र त्यांचे संसार वेगळे आहेत. पुढे या विभागण्या जनुकांच्या आधारे पुष्कळ बदलल्या, पण जो कोणी या वंशावर काम करतो तो कॉर्नरपासूनच सुरुवात करतो. त्याचं मोठं हस्तलिखित अनेक वर्षं पडून राहिलं आणि ‘फ्लोरा मलेसियाना’त कॉर्नेलिस बर्ग यांच्या पुनर्रचनेसह 2005 साली, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी, छापलं गेलं.

या आयुष्याची किंमत घरच्यांनीही मोजली. स्वभाव तापट, कामापुढे काहीच नाही. मुलगा तरुणपणीच घर सोडून गेला तो वडिलांना पुन्हा कधी भेटला नाही. वडिलांनी त्याच्यासाठी कागदपत्रांची एक सुटकेस मागे ठेवली होती, आणि तीवरून त्या मुलाने 2013 साली वडिलांचं चरित्र लिहिलं. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी ते जरूर वाचावं. मोठं काम करणाऱ्याला घर विसरण्याची मुभा असते, असं मी मानत नाही.

कॉर्नरच्या पुस्तकांपैकी जे वाचताना मन सर्वांत जड होतं ते 1978 चं : दक्षिण जोहोर आणि सिंगापूरमधल्या गोड्या पाण्याच्या दलदली जंगलांवरचं. सेडिली नदीकाठची ही रानं त्याने 1930 च्या दशकात पायी आणि होडीने पाहिली. पाण्यात उभी झाडं, गुडघ्यासारखी वर आलेली मुळं. मग रस्ते आले, लाकूडतोड आली, मळे आले. त्याने चाळीस वर्षांपूर्वीच्या टिपणांवरून पुस्तक लिहिलं तेव्हा वर्णन केलेलं बहुतेक रान नाहीसं झालं होतं. सिंगापुरात अशा जंगलाचा नी सून इथला तुकडा तेवढा उरला आहे. आपल्याला हे परकं वाटू नये. सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे इथे रानटी जायफळाची अशीच दलदल आहे, तशीच गुडघेदार मुळं आहेत, आणि कॉर्नरने ज्यावर सिद्धान्त उभारला ते गर-वेष्टित बी तिथल्या पाण्यात पडतं आहे. गावकऱ्यांनी ती भालांडेश्वराची देवराई म्हणून राखली, म्हणून ती टिकली. आता शासनाने तिला जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर केलं आहे.

झाडांवरची पुस्तकं आपल्याकडेही निघाली : मुंबईत 1937 साली, कॉर्नरच्या ग्रंथाच्या तीनच वर्षं आधी, फादर ब्लाटर आणि मिलार्ड यांचं भारतीय सुंदर वृक्षांवरचं पुस्तक निघालं होतं. मराठीतही झाडांवर चांगली पुस्तकं झाली आहेत. ओळख पटवायला ती पुरेशी आहेत. आपल्याकडे तुटवडा आहे तो एका जागी उभ्या असलेल्या एका झाडाच्या सलग नोंदींचा. महाराष्ट्राच्या 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्यात शहरांतल्या झाडांची दर पाच वर्षांनी गणना करायची तरतूद आहे. त्यातून जात, घेर, उंची कळते. आपल्या गल्लीतल्या तामणाला पहिलं फूल यंदा कधी आलं, आणि दहा वर्षांपूर्वी कधी आलं होतं, हे त्यातून कळत नाही. हवामान बदलतं आहे असं आपण सगळेच म्हणतो. ते झाडांच्या बाबतीत दाखवून द्यायला आपल्याकडे वह्याच नाहीत.

कॉर्नर 14 सप्टेंबर 1996 रोजी गेला, नव्वदाव्या वर्षी. त्याच्यासारखी मोहीम काढणं आपल्याला जमणार नाही, त्याची गरजही नाही. या सभागृहात शिक्षक आहेत, विद्यार्थी आहेत, निवृत्त झालेली, सकाळी फिरायला जाणारी माणसं आहेत. माझी आपल्याला विनंती आहे : रोजच्या वाटेवरची पाचच झाडं निवडा. एक वही करा. पानगळ सुरू झाली, संपली, पालवी आली, पहिलं फूल, पहिलं पिकलं फळ, फळ खायला कोण आलं, एवढ्याच गोष्टी तारखेसह लिहा. झाडाची जागा नीट लिहा, म्हणजे तुमच्यानंतर दुसऱ्याला तेच झाड सापडेल. वही भरली की जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात द्या आणि दुसरी सुरू करा. पहिली नोंद या आठवड्यातच करा.